मोजलेलं पाणी

“आज बोल, भाऊ. यान्हं गाठोडं बांधी टाक,” गावातला दगा इंजिनीअरकडे बघत सुकलालच्या कानाशी म्हणाला.

दिल्लीहून आलेले तीन साहेब सुकलालच्या शेतात उभे होते. खाऱ्या पाण्याचं गोडं पाणी करायच्या संशोधनासाठी सरकारने गावात राहून काम करणाऱ्या या इंजिनीअरला पैसा दिला होता. तो संपत आला होता. पुढे द्यायचा की नाही, ते आज ठरणार होतं. यंत्राच्या काचेच्या उतरत्या छपराखाली काळ्या टाकीत विहिरीचं पाणी तापत होतं. काचेला घाम सुटला होता. थेंब पन्हळीतून बरणीत पडत होते.

त्यातला थेंबही गावाला मिळत नव्हता. बरण्या मोजून, सील करून तपासणीला मुंबईला जात. गाव तेच खारं पाणी पीत होतं. त्यात तुरीची डाळ शिजत नाही. लग्न असलं की प्रकाशा गावाहून तापी नदीचं पाणी गाडीने आणायचं.

वैशाखात सुकलालची बायको प्रमिलाबाई तापाने पडली. खारं पाणी तिच्या पोटात टिकेना. सुकलाल तांब्या घेऊन यंत्रापाशी आला. इंजिनीअर म्हणाला, “काका, एक तांब्या कमी भरला तर महिन्याचं काम फुकट जाईल.” सुकलालने गाडी जुंपली. तापीवरून पिंप भरून तो परत आला, तेव्हा बायकांनी तिला अंगणात घेतलं होतं. त्या पाण्याने तिला शेवटची आंघोळ घातली.

त्या दिवसापासून इंजिनीअरला गावात कोणी दूध दिलं नाही. चुलीला विस्तव दिला नाही. सुकलालच्या घरासमोरच त्याची खोली होती. बायका त्या खोलीवरून जाताना थुंकत.

“जमीन तुमची आहे,” मोठे साहेब सुकलालला म्हणाले. “गावाचा विरोध आहे, असं कानावर आलंय. तुम्ही नको म्हणा, आम्ही सगळं उचलून नेतो.”

इंजिनीअरने मान खाली घातली. गाव सुकलालच्या तोंडाकडे बघत होतं.

“यंत्र चांगलं शे, साहेब,” सुकलाल म्हणाला. “अजून तीन वरीस पैसा द्या.” त्याने इंजिनीअरकडे हात केला. “पन हाऊच मानूस ठेवा. दुसरा नको.”

साहेबांनी एकमेकांकडे पाहिलं. मग मोठे साहेब हो म्हणाले.

“बायको गयी, अन् जाताना तुन्ही अक्कलबी लई गयी,” दगा म्हणाला आणि चालता झाला.

जीप गेल्यावर इंजिनीअर सुकलालच्या ओट्याशी आला. त्याचे डोळे भरले होते. त्याने हात जोडले.

“काका, तुम्ही मला माफ केलंत.”

सुकलालने त्याला बस म्हटलं नाही.

“काम बंद पडतं तं तू घर निंघी जाता, प्रमिलाले इसरी जाता,” तो समोरच्या खोलीकडे बोट करून म्हणाला. “आते आठेच ऱ्हाय. मन्हा दारसमोर.”