दारावरचा उघडा पत्रा

चिंधी लाल झाली तेव्हा शिवशंकरच्या ध्यानात आलं, की हा वरचा काळा नव्हे, खालचा रंगच निघतोय. त्यानं हात आखडला. तोवर बसच्या ड्रायव्हरकडच्या दारावर, खिडकीच्या खाली, बोटभर पत्रा उघडा पडला होता.

बस हातभर लांबीची. पत्रा कापून, वाकवून ती त्यानं घडवली होती, आणि लाल रंग त्याच्या बायकोनं, श्रीदेवीनं, दिला होता. लोहाऱ्यातल्या त्याच्या पाट्या रंगवायच्या दुकानात बारीक काम तिचंच असायचं. आता शेवटचा हात राहिला होता. काळा तेलरंग टर्पेंटाइनमध्ये चहाच्या पाण्याइतका पातळ करायचा, पत्र्याच्या सांध्यांतून सोडायचा आणि वरचा पुसून घ्यायचा. सांधे काळपट होतात, बस खरीखुरी रस्त्यावरून आल्यासारखी दिसते.

श्रीदेवीनं सकाळीच बजावलं होतं. आधी वार्निश मारा, दोन दिवस वाळू द्या, मग बसच्या पोटाखाली करून बघा, नाहीतर टर्पेंटाइन खालचा रंग खाईल. गिऱ्हाइकाला आज नको, चार दिवसांनी बोलवा. शिवशंकर हसला होता. तीस वर्षं टर्पेंटाइनच्या वासात काढलेल्या माणसाला ही शिकवणार! ती पिठाच्या गिरणीत गेली आणि यानं ब्रश उचलला. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

चिंधी लपवावी म्हणेपर्यंत शरणप्पा दारात उभे. जळकोटचे हे एसटी ड्रायव्हर गेल्या वर्षी निवृत्त झाले होते. ज्या बसवर अकरा वर्षं काढली ती भंगारात गेली, म्हणून घरात ठेवायला त्यांना हुबेहूब तीच हवी होती. त्यांची नजर नेमकी त्या दारावर गेली. चूक माझी, एवढं म्हणायला काही लागत नव्हतं. शिवशंकरनं तेवढंही केलं नाही.

"रंग घरच्यांनी दिलाय," तो म्हणाला. "बाईमाणसाचं काम. कच्चं ऱ्हायलं."

शरणप्पांच्या मागं, पायरीवर, श्रीदेवी पिठाचा डबा घेऊन उभी होती. तिनं ऐकलं. तिनं चिंधी पाहिली, नवऱ्याची लाल बोटं पाहिली आणि डबा खाली ठेवला. शिवशंकरला मान वर करवेना.

शरणप्पांनी बस उजेडात नेली. उघड्या पत्र्यावर अंगठा फिरवला. वळले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते.

"अक्का, हे कसं वळखलं तुमी?" ते श्रीदेवीला म्हणाले. "खिडकीत कोपर टेकवून चालवायचो म्या. अकरा वर्सांत हितलाच रंग गेलता."

बसखाली तुमचं नाव घाला, असं त्यांनी तिला सांगितलं. नातवंडांना दाखवायचं होतं, कुणी केली ते.

शिवशंकरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता खरं बोलावं, तर तीही चोरीच दिसणार. दोष होता तोवर बायकोचा, कौतुक झालं की आपलं! अन् गप्प बसावं, तर मघाचं खोटं कायमचं पक्कं होणार.

श्रीदेवीनं पदराला हात पुसले, बारीक ब्रश घेतला आणि बस उलटी केली. लग्नाच्या सव्वीस वर्षांत तिनं नवऱ्याचं नाव तोंडानं घेतलं नव्हतं. कुणी विचारलंच, तर दुकानाच्या पाटीकडं बोट दाखवायची. तिनं सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं, शिवशंकर.

शरणप्पा हसले. नवऱ्याला मान दिलात, म्हणाले.

"मान न्हाय, अण्णा," ती म्हणाली. "रंग म्या दिलता. तुमाला आवडलं ते पुसलेलं हाय, आन् पुसलं ह्यांनी."