राखून ठेवलेली आग

सयाजीनं एका घावात तिघांची मुंडकी उडवली. चौथा पळत सुटला, त्याला पाठीतून आरपार भोसकला. पाचवा पाया पडला, "पोरंबाळं हायत, धनी," म्हणाला. सयाजीनं फासा टाकला आणि त्याचाही गळा चिरला.

"खलास!" म्हणत त्यानं मूठभर भडंग तोंडात टाकलं.

पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात, शिवाजी पेठेत, तालमीवरच्या खोलीत दर रविवारी दुपारी असे मुडदे पडायचे. रक्त सगळं कागदावरचं. नृसिंह मास्तरांच्या मामेभावानं अमेरिकेहून एक पुस्तक आणि वीस बाजूंचा फासा आणून दिला होता. मास्तर गोष्ट सांगायचे, बाकीचे तिघं आपापला गडी होऊन त्या गोष्टीत घुसायचे, आणि घाव बसला की हुकला ते फासा सांगायचा. सयाजी झाला होता रणधीर नावाचा तलवारबहाद्दर. नबीलाल चोर. आणि उद्यमनगरात लेथ चालवणारा कृष्णात, दोन शब्दांवर तिसरा न बोलणारा, तो म्हातारा जादूगार.

चूक मास्तरांचीच. दीड वर्षापूर्वी लाडात येऊन त्यांनी रणधीरला कसलंही चिलखत कापणारी तलवार दिली. त्या तलवारीच्या जोरावर त्यानं अजगराचा खजिना मारला, आणि खजिन्यातून असं चिलखत उचललं की भाला लागला तर भालाच मोडावा. मग घोडा आला, किल्ला आला, तीन पेट्या सोनं आलं. बाकी दोघांकडं काय? एक दोरी, एक कंदील आणि एक आग. हो, एकच. कृष्णातच्या म्हाताऱ्याला दिवसातून एकदाच आग टाकता यायची. खाली तालमीत वस्ताद जोड बघितल्याशिवाय कुणाला कुस्तीला सोडत नव्हते, आणि वर मास्तरांनी हत्तीशेजारी दोन शेळ्या बांधून ठेवल्या होत्या!

"तुमी दोगं दारात थांबा," सयाजी म्हणाला. "ए दाढी, कंदील धर."

कृष्णातनं कंदील धरला.

नबीलालनं गेल्या रविवारी सांगूनच टाकलं होतं, "मास्तर, ह्यो सयाजीचा पोवाडा हाय. आमी निस्तं झील धरतोय. अजून एक ऐतवार येतो, मग न्हाय येणार." नबीलाल गेला की कृष्णातही जाणार, मग खेळ मोडला. मास्तरांचा तर सगळा जीव त्यात अडकलेला. शाळेतल्या भूगोलात काय कुणाचा जीव अडकतो?

म्हणून आज त्यांनी एक डाव राखून ठेवला होता.

"आतल्या दालनात मोठा आरसा आहे," ते म्हणाले. "आरशातून रणधीर बाहेर येतो. दुसरा. तीच तलवार, तेच चिलखत, तोच चेहरा."

सयाजी खूश. "गावली की जोड! ये म्हणावं!"

फासे सुटले. दोन्ही तलवारी दोन्ही चिलखतांतून लोण्यागत गेल्या. पहिल्या घावाला दोघांचे खांदे फाटले. दुसऱ्याला बोटं तुटून फरशीवर पडली. मग पोटात, मग मांडीत. रक्तानं माखलेले दोघं एकमेकांच्या उरावर बसून घाव घालत होते आणि दारातनं कोण कुठला ते ओळखू येत नव्हतं. कागदावर रणधीरचा जीव साठावरून पाचावर आला. सयाजी उभा राहिला. कपाळावरचा घाम मात्र खरा होता.

"दाढी!" तो ओरडला. "आग टाक! जाळ त्याला!"

"दाढी!" दुसऱ्या रणधीरच्या तोंडून मास्तरही तसंच ओरडले. "आग टाक! जाळ त्याला!"

मास्तरांना मनातून गुदगुल्या होत होत्या. तीन पेट्या सोन्याचा धनी आज कंदीलवाल्याच्या तोंडाकडं बघत होता. आता कृष्णात वाचवेल, सयाजी उपकार मानेल, इथून पुढं लूट वाटून खाईल. खेळ वाचला!

कृष्णातनं चहाची बशी खाली ठेवली. "दोगंबी सारखंच दिसत्यात. एक इचारतो. माजं नाव काय?"

"कृष्णात की लेका!"

"माजं न्हवं. ह्या म्हाताऱ्याचं."

सयाजीनं डोकं खाजवलं. दीड वर्ष त्यानं दाढी म्हणूनच हाक मारली होती. "अरं... ते न्हवं का... म्हादेवाचं कायतरी... नाव कशाला लागतंय मर्दा, मी मरतोय हितं!"

"विरूपाक्ष," मास्तर दुसऱ्या रणधीरच्या आवाजात म्हणाले. शत्रू हुशार असतो, एवढंच त्यांच्या मनात होतं.

"पहिल्याला जाळला," कृष्णात म्हणाला. फासा पडला. वीस.

चिलखत तापून लाल झालं. भाला न शिरणारं ते चिलखत काढताही येईना. आतला माणूस आतच शिजला.

सयाजीनं टेबल उलथं केलं. मास्तरांची कॉलर धरून अशी एक ठेवून दिली की ओठ फुटला. मग तो कृष्णातवर धावला, तेव्हा नबीलालनं त्याला मागनं कवेत आवळलं.

"गाढवा, मास्तरनं फशिवलं तुला!" सयाजी हात-पाय झाडत होता. त्याचा आवाज रडवेला झाला होता. "मी खरा हुतो! खरा मी!"

मास्तरांनी ओठाचं रक्त पुसलं. ते पार हादरले होते. "कृष्णात, मागं घेऊ आपण. ज्याला नाव येतं तो आपला, असं वाटलं ना तुला? चुकून झालं."

कृष्णात सांडलेल्या भडंगात फासा शोधत होता. सापडला. शर्टाला पुसून त्यानं तो मास्तरांच्या हातात ठेवला.

"चुकून कुठलं, मास्तर," तो म्हणाला. "नाव येईना म्हणल्यावर लगीच वळाखलं की, ह्योच आपला सयाजी."