लेआबाय टायरवर

लेआबाय टायरवर बसल्या तेव्हा त्याच्यावर पेट्रोल ओतून झालं होतं.

डिमोना गावच्या शिलाई कारखान्याच्या फाटकासमोर टायरांची आडवी रांग लावली होती, एकावर एक अशा थप्प्यांची. थप्पीची उंची खुर्चीएवढी भरली, हा निव्वळ योगायोग. जॉर्डनशी शांतता झाली होती, त्यामुळे तिकडे शिलाई स्वस्त पडत होती, आणि कारखान्यातली मशीनं आज ट्रकमध्ये बसून तिकडे जाणार होती. कामगार त्यांना जाऊ देणार नव्हते. या देशात नाही म्हणायचं असलं की आधी टायर पेटवतात. बोलणी मग.

युनियनचा लियोर लायटर घेऊन उभा होता. तरणा पोरगा, घरी बायको नवव्या महिन्यात. रस्त्यापलीकडे पोलिसांची जीप होती आणि जीपला टेकून योराम नावाचा अधिकारी सिगारेट ओढत होता. त्याने सकाळीच बजावलं होतं, यावेळी धूर दिसला तर लियोर आत. बाळ झाल्याचं तुला तुरुंगातच कळवू, असंही म्हणाला होता.

"दोदा, ऊठ!" लियोर ओरडला. हिब्रूत मावशीला दोदा म्हणतात. लेआबाय महाराष्ट्रातून आलेल्या ज्यू, त्याच्या सख्ख्या मावशी नव्हत्या. आई कामाच्या पाळीवर असली की तो त्यांच्या मशीनखाली चिंध्यांत त्यांची मराठी ऐकत झोपायचा, तेवढंच नातं. "पेट्रोल आहे त्यावर!"

"वास येतो की मला," लेआबाय मराठीत म्हणाल्या. "नाक शाबूत आहे. गुडघे गेलेत."

"मला पेटवायचंय ते."

"मग पेटव ना मेल्या, मी कुठं नको म्हणते?" त्यांनी पिशवीतून डबा काढला. "चपाती तेवढी खाऊन घेते."

लियोरने लायटरकडे पाहिलं. मग लेआबायकडे. पेट्रोल त्यांच्या झग्यात खालून वर चढत होतं, निळा झगा गुडघ्यापर्यंत काळा झाला होता. चपातीत आमलेट होतं.

पॅकिंगमधली त्सिला पुढे आली. ही मोरोक्कोची. भांडण कुठेही असो, ती त्यात असायची, आणि लेआबायशी आजवर एकदाही धड बोलली नव्हती. सगळ्यांना वाटलं, ही आता त्यांना उचलणार.

"सरक," त्सिला म्हणाली. "लोणचं आहे का?"

"कैरीचं आहे."

त्सिला बसली. मग पॅकिंगच्या बाकीच्या बायका बसल्या. मग इस्त्रीवाले. नुकताच आलेला एक रशियन, ज्याला अजून हिब्रू येत नव्हती, जेवणाची सुट्टी झाली असं समजून बसला. रांगेतला एकही टायर मोकळा राहिला नाही. उरलेले लोक जागेसाठी कुरकुरायला लागले.

एका इस्त्रीवाल्याने सवयीने सिगारेट तोंडात धरली आणि काडी काढली. फाटकापाशी होती नव्हती तेवढी सगळी माणसं एकदम "नको!" म्हणाली. डिमोनात लोक सिगारेट विझवतात ती शनिवारच्या शब्बाथला आणि योम किप्पुरच्या उपासाला, तीही सगळे नाही. मंगळवारच्या दुपारी त्या फाटकापाशी आता एकही पेटलेली सिगारेट नव्हती. लियोर रस्ता ओलांडून लांब रेताडात गेला, खड्डा खणून त्यात लायटर पुरला आणि वर धोंडा ठेवून परत आला.

मग योराम आला. अर्ध्या रस्त्यात त्याला वास लागला. तो उलट पावली जीपपाशी गेला, सिगारेट बुटाखाली घेतली आणि बराच वेळ चिरडत राहिला. हातातला भोंगाही जीपमध्येच ठेवला. बॅटरीचा काय भरवसा?

"बाई," तो लेआबायजवळ येऊन म्हणाला, "हे बेकायदा आहे."

"बसणं, साहेब?" लेआबायनी हिब्रूत विचारलं.

योराम जीपकडे परतला आणि त्याने वायरलेसवर वरच्या साहेबाला गाठलं.

"काय पेटलंय?" वायरलेसने विचारलं.

"काही नाही, सर."

"मग करताहेत काय?"

"जेवताहेत."

"तू असा देवळात उभा असल्यासारखा का बोलतोयस?" वायरलेस खरखरला.

योरामने आवाज आणखी खाली आणला.

तेवढ्यात मशीनं न्यायला ट्रक आला. थेट फाटकावर. रांगेतलं कोणी उठलं नाही. लेआबायनी पदर सावरावा तसा पेट्रोलने जड झालेला झगा सावरला आणि बसून राहिल्या. उठला तो आवाज योरामचा. दोन्ही हात वर करून तो ट्रकसमोर धावला.

"इंजिन बंद कर! किल्ली काढ! ठिणगी पडेल!"

ड्रायव्हरने किल्ली काढली. एवढी शांतता झाली की कोणाच्या तरी दाताखाली कैरी मोडली ती जीपपर्यंत ऐकू आली.

"आता?" ड्रायव्हरने खिडकीतून विचारलं.

"मागे घे."

"मागे घ्यायला चालू करावा लागेल."

"नको!" योराम आणि लियोर एकदमच ओरडले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दोघांनाही ते आवडलं नाही.

मग लियोरने ट्रकच्या तोंडाला खांदा लावला. शेजारी योरामने लावला. टोपी पडली ती उचलली नाही. जीपमधले पोलीस आले, इस्त्रीवाले आले, रशियन तोंडातला घास चावत आला. सगळ्यांनी मिळून जोर लावला, आणि रिकामा ट्रक आधी जरासा डुलला, मग वीतभर, मग हातभर फाटकापासून मागे सरकायला लागला.

"सावकाश रे बाळांनो," लेआबाय बसल्या जागेवरून म्हणाल्या. "मागं गटार आहे."

पोलिसांपैकी एकालाही मराठी येत नव्हती. सगळ्यांनी सावकाश केलं.