पहिला गट

शाळा सोडल्यावरून बाबांशी जोरात भांडण झालं आणि मी बॅग भरली. "शहराबाहेर चिनहटला मित्राच्या खोलीवर राहीन, कारखान्यात लागेन, परत येणार नाही!" धाकटी स्वप्ना उद्याच्या केमिस्ट्रीच्या पेपरसाठी मोठ्यानं घोकत होती, "पहिला गट: सोडियम, पोटॅशियम. पाणी लागताच भडकतात, म्हणून मिट्टीच्या तेलात, म्हणजे रॉकेलमध्ये, बुडवून ठेवतात. अरे, हा तर आपला दादा!" मी रागानं बूट शोधायला लागलो. तेवढ्यात बाबा खोबरेलाची बाटली घेऊन आले आणि मला खाली बसवून डोक्यावर तेल ओतून चोळायला लागले. "छोड़ो ना, बाबा!" "बस गुपचूप." हे आईचं काम, ती गेल्यापासून कुणी केलं नव्हतं. "स्वप्ना, त्या गटाचं आणखी काय लिहिलंय?" "मऊ असतात, सुरीनं कापता येतात." बाबांचा हात हळू झाला. अशा चपचपीत डोक्यानं बाहेर कसं जाणार, यार?