घड्याळाची खूण

"काकाजी, फोननं कंप्युटरले नेट देतेत सारे. तुमी उलटंच सांगून राहिले," प्राजक्ता म्हणाली.

"म्हंजे होत नाही काय?"

"होते नं. पन वायफाय काउन नाही?"

रामाजींनी हातरुमालाची घडी उलगडून फोन काउंटरवर ठेवला. काच पार तडकलेली. पडल्यापासून तो ना सिम ओळखत होता, ना वायफाय पकडत होता. मोहगावच्या दुरुस्तीवाल्यानं हात टेकले आणि वर सल्लाही दिला, की सौंसरच्या बसस्टँडजवळ एक ऑनलाइन सेंटर आहे, तिथली पोरगी तार लावून कंप्युटरचं नेट फोनला देते.

"एक मेसेज अडकला हाय याच्यात," रामाजी म्हणाले. "घड्याळाची खून दिसते. तेवढा गेला पाह्यजे, बेटा."

"कोनाचा हाय फोन?"

"आमच्या घरच्यांचा. दोन महिने झाले त्यांले जाऊन."

प्राजक्तानं फोन जपून जवळ ओढला. ड्रॉवरमधून तार काढून तिनं फोन जोडला. फोनला कुलूप नव्हतंच.

"काय लिहिलं ते वाचून सांगून देल्लं असतं तुमी, तरी झालं असतं," ती हळूच म्हणाली.

"दुसऱ्याची चिठ्ठी वाचत नाही मी."

रामाजींनी सदतीस वर्षं टपाल वाटलं होतं. उघडी पोस्टकार्डंसुद्धा मजकुराची बाजू खाली करून नेली. पत्त्यापलीकडे नजर जाऊ द्यायची नाही, हा त्यांचा नेम होता आणि त्याचा त्यांना थोडा तोराही होता. बायकोच्या फोनवरही त्यांनी पत्ताच तेवढा पाहिला होता. तडकलेल्या काचेतून 'गजेंद्र' एवढं वाचता आलं, पुढचं तड्यांत गेलेलं; खाली ती घड्याळाची खूण. मग त्यांनी फोन पालथा ठेवला.

गजेंद्र त्यांचा एकुलता एक मुलगा. सहा वर्षांपूर्वी त्यानं पुण्यात लग्न केलं आणि फोनवर दोन ओळी टाकून कळवलं. हजार घरी लग्नपत्रिका पोचवणाऱ्याच्या हातात पोटच्या पोराची पत्रिका पडली नाही. ते रामाजींच्या फार जिव्हारी लागलं. या घरात त्याचं नाव निघणार नाही, असं त्यांनी त्याच दिवशी ठणकावलं. देवकाबाईंनी जन्मात नवऱ्याचं नाव घेतलेलं नव्हतं, 'गजेंद्रचे बाबा' अशी हाक मारायच्या. तीही त्या दिवसापासून बंद झाली. मग नुसतं 'ऐकता काय'.

"ही तार कामाची नाही. नुसती चार्जिंगची निंघाली," प्राजक्ता पुटपुटली आणि दुसरी शोधू लागली.

रामाजींच्या खिशातला त्यांचा स्वतःचा फोन वाजला. नातेवाइकांच्या ग्रुपवर रोज सकाळी जामसांवलीच्या हनुमानाचा फोटो यायचा. त्यांनी बघितलं नाही.

नागपूरच्या दवाखान्यात देवकाबाईंच्या तोंडावर मास्क होता, बोलणं बंद. आत सोडायचे ते फक्त संध्याकाळी पाचला. त्या शेवटच्या दुपारी दाराच्या काचेतून त्या रामाजींना दिसल्या, एकेक अक्षर शोधून फोनवर दाबताना. पोराले लिहून राहिली, त्यांच्या मनात आलं. आणि पहिल्यांदाच त्यांना राग आला नाही. लिहू दे बिचारीला. आपण पाहतोय असं तिला वाटू नये, म्हणून ते मुद्दाम दाराकडे पाठ करून बाकावर बसून राहिले. पाच वाजायच्या आत सगळं आटोपलं. फोन पलंगाखाली सापडला.

गजेंद्र आला तो राख सावडायच्या दिवशी. "मले कोनीच कळवलं नाही," एवढंच बोलला आणि संध्याकाळच्या बसनं परत गेला. आईनं कळवलं होतं रे, असं रामाजींच्या अगदी ओठावर आलं होतं. पण तेव्हा तो मेसेज या फोनमध्येच अडकून पडला होता. आईनं शेवटी आपल्यालाच हाक मारली, हे पोराला कळावं, एवढंच आता त्यांना हवं होतं. मग तो येवो न येवो.

दुसरी तार लागली. प्राजक्तानं फोनच्या सेटिंगमध्ये एका ओळीवर सात वेळा बोट दाबलं, कंप्युटरवर काहीतरी सुरू केलं आणि फोन त्यांच्यापुढे सरकवला.

"परवानगी मांगून राहिला. तुमीच दाबा, काकाजी."

रामाजींनी चप्पल काढली. का काढली, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मग बोट टेकवलं.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग फोन एकदा थरथरला.

"गेला!" प्राजक्ता म्हणाली. "घड्याळ गेलं. एक टिक आली. दुसरीबी आली. पोचला, काकाजी."

रामाजींचे डोळे भरून आले. सदतीस वर्षांत एवढं जड टपाल त्यांनी वाटलं नव्हतं. खिशातला फोन पुन्हा वाजला, पण ते समोरच्या काचेकडेच बघत होते.

"वाचला, हे कसं समजते?"

"टिका निळ्या होतेत. थांबा, माह्यं ध्यान हाय."

दोघंही थांबले. टिका काही निळ्या होईनात.

"कामात असन तो," रामाजी म्हणाले. "मीच फोन लावतो त्याले. आईचा निरोप हाय, वाच म्हनतो."

सहा वर्षांत पहिल्यांदा गजेंद्रला फोन लावायचा म्हणून त्यांनी खिशातला फोन बाहेर काढला. पडद्यावर नुकत्याच आलेल्या मेसेजवर 'घर' असं नाव होतं. देवकाबाईंचा नंबर त्यांनी त्याच नावानं ठेवला होता. त्यांनी त्यावर बोट ठेवलं.

'गजेंद्रचे बाबा, पोराले बोलवू काय? तुमी हो म्हनाल तरच कळवीन त्याले. काचेतून इकडं पाहा. नुसती मान हलवा.'

"निळ्या झाल्या, काकाजी!" प्राजक्ता आनंदानं म्हणाली. "वाचला त्यानं."