नावाची पट्टी

मनाच्या आजारानं महिनोन्महिने पलंगावर पडून असलेला तेजराम गोळ्यांनी नुकता कुठं उठून कामावर जायला लागला होता, आणि आज दुकानात त्याच्या नेहमीच्या बड्या कंपनीच्या गोळ्याच संपल्या. त्याची बायको नलू डॉक्टरांना विचारून दुसऱ्या कंपनीच्या घेऊन आली.

"या कंपनीचं नाव तरी कोनी ऐकलं हाय का?" पाकीट उलटंपालटं करत तेजराम म्हणाला. "मी पुन्हा तसाच पडून राहीन, नलू."

"डॉक्टरसाहेब बोलले ना, अंदर औषध तेच हाय."

"नाव नाही त भरोसा कायचा?"

नलूनं त्याच्या हातातलं पाकीट काढून घेतलं. "तुमी हथखोजच्या कारखान्यात लोखंडी कपाटं बनवता. त्यातली बड्या कंपनीची कोन्ती अन् बिननावाची कोन्ती?"

"चद्दर एकच, कारीगर एकच. अर्धी त्यायच्या नावानं जातात, अर्धी तशीच."

"मंग नावाची पट्टी कोन लावते?"

तेजराम ओशाळं हसत "मीच" म्हणाला, आणि पाणी मागितलं.

महिन्याभरानं एका सकाळी नलू त्याची गोळी काढायला गेली. न्हाणीतून तेजरामचं गाणं ऐकू येत होतं, आजारपणाच्या आधी असायचं तितकंच बेसूर. गोळ्यांच्या पत्र्याच्या डब्यावर स्क्रूनं पक्की बसवलेली एक पितळी पट्टी चमकत होती: नलू अँड कंपनी, भिलाई.