आधी पिल्लाला

पिल्लाची किंकाळी ऐकली तसा ज्ञानू हातातला तांब्या टाकून पडवीत धावला. हैबतीनं टिल्याचं अख्खं थोबाड जबड्यात धरून त्याला जमिनीवर दाबलं होतं. ज्ञानूनं पायातली चप्पल काढून हैबतीच्या पाठीत हाणली. म्हाताऱ्या कुत्र्यानं पिल्लाला सोडलं, मागं सरला आणि मारणाऱ्याकडं नुसता बघत उभा राहिला.

ज्ञानूनं पिल्लू उचलून उलटसुलट करून पाहिलं. कुठं ओरखडासुद्धा नव्हता. तरी त्याचा संताप काही उतरेना.

"आईपास्नं तोडून आणलेलं लेकरू ते. त्येच्या तोंडचा घास काढतोस? लाज न्हाई वाटत?"

टिल्याची ताटली उलटी झाली होती आणि ताकात कुस्करलेली भाकरी शेणानं सारवलेल्या जमिनीवर पसरली होती. वेल्ह्याच्या मेव्हण्याकडून पिल्लू आणल्यापासून ज्ञानूनं शिरस्ताच पाडला होता. पाहुणा म्हणून पहिली ताटली टिल्याची. मग घरची थोरली दोन कुत्री, हैबती आणि चिमी. आणि रोज ताटली ठेवली की हा असा दंगा.

"तुमी त्येला आदी घालताय म्हून ह्ये व्हतंय," चुलीपुढून त्याची बायको सगुणाबाई म्हणाली. "थोरल्यांचं झाल्यावर घाला. तवर बसंल, बघंल, शिकंल. चिमी न्हाई का तशीच शिकली?"

"का म्हून मागनं? त्येला पोट न्हाई?"

ज्ञानूनं हैबतीला ओढत नेऊन खांबाला साखळीनं बांधलं. "गोरखला सांगून ठिवलंय, येतोच हाय आता. घिऊन जाऊ दे ह्येला. त्येच्या कापूरहोळच्या ढाब्याला राखणीचं कुत्रं पायजेच हाय."

सगुणाबाई पिठाच्या हातांनी दारात आली. "हमरस्त्यावर? त्येला एका कानानं ऐकू येत न्हाई. ट्रकाखाली जाईल त्यो."

"कान न्हाई तर न्हाई. दात तर नीट वापरायचं."

गोरखचा टेम्पो दारात येऊन थांबला तेव्हाही ज्ञानू बोलतच होता. गोरख हातात दोरी घेऊन पडवीत आला आणि खांबाला टेकला. हैबतीनं त्याच्या चपला हुंगल्या आणि शेपूट हलवली.

"आबा, ह्ये कुत्रं चावतं म्हणालात. ह्ये तर मला चाटतंय."

"मोट्यांना चाटतो आन बारक्यांना दाबतो. आसलीच जात वाईट." ज्ञानूनं टिल्याला छातीशी धरलं. तसा तो गरीब माणूस, पण अन्याय दिसला की त्याचा आवाज चढायचा. परवाच त्यानं देवळापुढं भरलेल्या बैठकीत, खालच्या आळीला पाणी नेहमी शेवटी का, म्हणून सगळ्या गावाला गप्प बसवलं होतं. "ही म्हणती, बारक्याला समद्यांच्या मागनं घाला. मोटी खाणार, ढेकर देणार आन ह्येनं आपलं तोंडाकडं बघत बसायचं. उरलं तर खायाचं. ह्यो कुठला न्याय? माज्या घरात ह्ये चालायचं न्हाई, गोरख. माज्या घरात कुणी कुणाचं जेवाण सरायची वाट बघत बसायचं न्हाई."

"आबा, तुमी निवडणुकीला उभं ऱ्हावा. कुत्री सुदिक मत देतील."

"हसू नगं."

सगुणाबाई हसली नाही. ती ज्ञानूकडं बघत राहिली. मग म्हणाली, "बसा. वाढते. गोरख, तूबी जेवून जा."

दोघं हातपाय धुऊन पडवीत बसले. चिमी जातं ठेवलं होतं तिथं पडून होती. आतून पिठल्याला दिलेल्या लसणाच्या फोडणीचा वास आला. थोड्या वेळानं सगुणाबाई ताट घेऊन बाहेर आली. गरम भाकरी, पिठलं, फोडलेला कांदा. पाहुण्याचं ताट म्हणून ज्ञानू जरा बाजूला सरकला.

ती त्यांच्यापुढून तशीच खांबाकडं गेली. एका हातानं हैबतीची साखळी सोडली. मग परत येऊन उंबऱ्यावर बसली, ताट मांडीपुढं ठेवलं आणि भाकरी मोडली.

ज्ञानूला वाटलं, तिची काहीतरी चूक होतेय. "आगं, गोरख जेवायचाय."

"बसू दे की."

"आन मी?"

"तुमीबी."

तिनं घास तोंडात घातला. निवांत चावला. हैबती उंबऱ्याशी येऊन आपल्या नेहमीच्या जागी बसला. तिथली जमीन त्याच्या बसण्यानं गुळगुळीत झाली होती. चिमीही उठली आणि हात दोन हात अंतर ठेवून बसली.

"आज काय झालंय काय तुला?" ज्ञानू म्हणाला. "चारचौघांत ही काय रीत?"

"ह्या घरात समद्यांच्या मागनं कोण जेवतंय, ते ह्या हैबतीला ठावं हाय. रोज हितंच बसून आसतो, माजं ताट सरंपतोर." तिनं कांदा उचलला. "तुमाला न्हाई ठावं. तुमी तवर पान खात आसता."

गोरख जमिनीकडं बघू लागला.

टिल्या ज्ञानूच्या हातातून निसटला आणि सरळ ताटाकडं पळाला. हैबती घशातल्या घशात गुरगुरला. जागचा मात्र हलला नाही. ज्ञानू उठला, त्याचा हात चपलेकडं गेला. सगुणाबाईनं नुसतं वर पाहिलं. हात तिथंच राहिला.

पिल्लू थबकलं. त्यानं एकदा हैबतीकडं पाहिलं, एकदा चिमीकडं. मग त्या दोघांच्या मधोमध जाऊन बूड टेकलं आणि मान वर करून गप्प बसलं.

गोरखनं हातातली दोरी खुंटीला अडकवून टाकली.

ज्ञानू उभाच होता. सगुणाबाईनं दुसरी भाकरी मोडली, पिठल्यात बुडवली.

"बसा," ती म्हणाली. "व्हईल सवय."